माइकमागची खटखट

(वाचकाचं पत्र. थोडं छाटलंय, नावं काढली आहेत.)

ताई,

मी ३३ वर्षांचा. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल, मोठी बहीण समजूनच लिहितोय.

आम्ही चौघं इंजिनिअरिंगला हॉस्टेलच्या एकाच विंगमध्ये होतो. लॅन टाकून काउंटर-स्ट्राइक खेळायचो, मॅप एकच, डस्ट २. पास झालो आणि पांगलो. २०१८ ला पबजी आलं, तसे पुन्हा एकत्र आलो. शनिवारी रात्री साडेदहा, ठरलेलं. एक जण इचलकरंजीत वडिलांचे यंत्रमाग बघतो. रात्रपाळीला शेडवरूनच खेळायचा. माइकमधून मागांचा आवाज इतका यायचा की त्याचं नावच 'खटखट' पडलं. एक हैदराबादला आयटीत आहे. २०२० ला बंदी आली तेव्हा आठ-नऊ महिने ग्रुप मेल्यासारखा होता, बीजीएमआय (पबजीचीच भारतातली आवृत्ती) आलं आणि परत सुरू झालो. २०२२ ला आमच्यातला एक जर्मनीला गेला. मग आम्ही तिघं आणि चौथा कुणीतरी रँडम.

गेल्या दिवाळीनंतर एका लग्नात माझ्या बायकोला खटखटची बायको भेटली. तिच्याकडून कळलं की श्रावणात त्याच्या वडिलांची बायपास झाली. त्या महिन्यात आम्ही जवळजवळ दर शनिवारी खेळलो होतो. तो एका शब्दाने बोलला नाही. उलट मधे तीन-चार आठवडे त्याचा आवाज एकदम क्लिअर यायचा, तर आम्ही त्याला चिडवलं, नवा हेडफोन घेतलास वाटतं, पार्टी दे. बायको म्हणाली, "दोन-दोन तास बोलता आणि मित्राचा बाप ऑपरेशन टेबलावर आहे हे माहीत नाही? ही कसली मैत्री? नुसता टाइमपास." मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी खेळायला बसलो नाही. बाकीच्यांनीही विचारलं नाही. ग्रुपचं नाव 'डस्ट २ पेन्शनर्स'. शेवटचा मेसेज जानेवारीतला, वाढदिवसाचा केक. हैदराबादवाला मजेत आहे.

ताई, गेम काढला तर आमच्यात काही उरत नाही. मग ती मैत्री होती का? आणि होती म्हटलं, तरी या वयात परत सुरू करणं बरं दिसतं का?

— खटखटचा मित्र, चाकण

---

मित्रा,

तुझं पत्र वाचताना मी हेडफोनपाशी अडकले. "आवाज एकदम क्लिअर यायचा," असं तू सहज लिहून गेलास. अरे, हेडफोन नव्हता तो. मागे माग नव्हते. इतकी वर्षं शेडमध्ये बसून खेळणारा माणूस त्या तीन-चार आठवड्यांत दुसरीकडे कुठंतरी बसला होता, जिथं रात्री साडेदहाला सामसूम असते. हॉस्पिटलचा जिना असेल. कँटीनचं शटर पडल्यावर बाहेर उरतं ते बाकडं असेल.

हा माझा अंदाज आहे, पण हवेतला नाही. आईच्या वेळी मी अकरा रात्री आयसीयूच्या बाहेर चटईवर काढल्या आहेत. दिवसभर फाइल, बिल, औषधांची चिठ्ठी, "पेशंटचे नातेवाईक कोण?" ही हाक. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. ब्लॉकेज किती निघाले, डॉक्टर काय म्हणाले, खर्च कुठवर गेला. आणि सांगून झालं की त्यांच्या मावसभावाच्या बायपासची गोष्ट ऐकायची. रात्री भेटणारे पांगले की फार वाटायचं, आता असं कुणीतरी भेटावं जे आईबद्दल काही विचारणार नाही. मला कुणी भेटलं नाही. मी मोबाइलवर एकटीच पत्ते लावत बसायचे.

त्याला तुम्ही भेटलात. दोन तास त्याला कुणी ब्लॉकेज विचारले नाहीत. "वरच्या खिडकीत एक आहे, डावीकडून ये" एवढंच सांगितलं. हे त्याच्या किती उपयोगी पडलं असेल ते तुला कळलं असतं तर तू पत्र लिहिताना एवढा शरमला नसतास.

पण म्हणून तू सुटलास असंही नाही. बायकोचा राग अगदीच उगाच नाही. त्याने सांगितलं नाही हे खरं, पण तुम्हाला ऐकू आलं होतं. मागांची खटखट एकदम थांबली, एक-दोन नाही, तीन-चार शनिवार, आणि दोन इंजिनिअरांनी मिळून निष्कर्ष काय काढला, तर हेडफोन. त्यातला एक तर क्वालिटीत! लाइनवर रोजचा आवाज बदलला तर तू मशीन थांबवून बघतोस ना?

माझा भाचा हे गेम खेळतो. दोन-तीनदा मी त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले आहे, आधी हेरगिरी म्हणून आणि नंतर मजा वाटली म्हणून. गेममधलं मला निम्मं कळत नाही. माझे कान माइककडे असतात. प्रत्येकाच्या माइकमधून त्याचं घर आत येतं. एकाकडे मिक्सर लागतो. एकाची आजी खोलीत येऊन विचारते, "कुणाशी भांडतोयस रे?" एकाच्या घरी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठावंच लागतं. हे बाकीच्या तिघांना पाठ आहे, दुसरी शिट्टी झाली की तेच म्हणतात, "चल, उरक लवकर." ही पोरं एकमेकांच्या घरी कधी जेवायला गेली नसतील, पण कुणाकडे कधी जेवण होतं हे त्यांना माहीत आहे.

अशाच एका बैठकीत भाच्याने मला नॉक आणि रिव्हाइव्हचा प्रकार दाखवला. तुला काय सांगायचं, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. गोळी लागून गडी आडवा पडतो, लगेच मरत नाही, सरपटू शकतो. साथीदाराने जाऊन त्याच्यापाशी बसायचं आणि त्याला उठवायचं. याला दहाएक सेकंद लागतात आणि तेवढ्यात उठवणाऱ्याला स्वतःची बंदूक चालवता येत नाही. मी विचारलं, "मग कोण जातं?" भाचा टोळीतल्या एका मित्राबद्दल, स्क्रीनवरची नजर न काढता, म्हणाला, "तोच जातो नेहमी. शहाणपणा नाहीये त्यात. पण जातो." एवढी छोटी शिफारस मी बऱ्याच दिवसांत कुणाबद्दल ऐकली नव्हती.

तुमच्यात कोण जायचं? लांबचं दिसणारा स्कोप सापडला तर कोण गुपचूप ठेवून घ्यायचं आणि कोण "घे, तुझा नेम बरा आहे" म्हणून देऊन टाकायचं? हरल्यावर कोण नेटवर्कला शिव्या घालायचं? या प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे तयार असणार. खटखटच्या बायकोकडे नसतील. तिला त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनची तारीख माहीत आहे, आणि घाबरल्यावर तो कसा वागतो हे तुला माहीत आहे. दोन्ही माहित्या कामाच्या आहेत. तुझी बायको पहिली मोजते आणि तू दुसरी मोजत होतास, फक्त तुला ती मोजता येते हे माहीत नव्हतं.

माणसाच्या मैत्रीवर वर्षानुवर्षं काम केलेले ऑक्सफर्डचे रॉबिन डनबर आणि त्यांचे सहकारी सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या मैत्रीचा दीड वर्ष माग ठेवला होता. २०१५ मध्ये तो अभ्यास आला. पांगल्यावर मुलींची मैत्री टिकली ती बोलण्याने, मुलग्यांची टिकली ती काहीतरी मिळून करण्याने. मुलगे नुसते फोनवर बोलत राहिले तर त्यांना त्याचा फारसा उपयोग झालेला दिसला नाही. तुझ्या घरातलं भांडण यात बरंचसं बसतं. पण बायका अशा आणि पुरुष तसे अशी सरळ रेघ ओढायला माझी तयारी नाही. त्याला कारण माझं स्वतःचं आहे.

आमच्याकडे व्हिडिओ गेम आला तो १९९४ च्या दिवाळीत. पिवळी कॅसेट, तापणारा अडॅप्टर, आणि टीव्हीचं चॅनेल जुळवताना पडद्यावर दिसणाऱ्या मुंग्या. मी आणि माझा धाकटा भाऊ काँट्रा खेळायचो. मी निळी, तो लाल. त्यात तिसरी लेव्हल धबधब्याची आहे, दगडादगडावरून उड्या मारत वर चढायचं. पुढचा भराभर वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि मागे राहिलेला खालच्या कडेला जाऊन मरतो. गोळी नाही, शत्रू नाही, जोडीदाराच्या घाईने मरतो. मी त्याला असा शेकडो वेळा मारला असेल. तो रडायचा, आई अडॅप्टर माळ्यावर टाकायची, चार दिवसांनी परत काढायची.

मोठे झालो. वडील गेले. घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं ते असं, की सहा वर्षं बोलणं नाही. तो बडोद्याला, मी पुण्यात. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, मावसबहिणीने लुडो किंगवर खोली उघडली आणि कोड आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. हा गेम नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेला, पण त्या उन्हाळ्यात तो घरोघरी पोचला. चार जागा होत्या. दोन बहिणी, एक मी, आणि चौथा कोण बसला ते आत गेल्यावर कळलं. मी उठले नाही, तोही उठला नाही. तीन दिवस मुकाट्याने खेळलो. चौथ्या दिवशी माझी सोंगटी घराच्या रांगेत शिरायला दोन घरं उरली असताना त्याने ती मारली. मी ग्रुपवर टाइप केलं, "मेल्या." सहा वर्षांत त्याला पाठवलेला तो पहिला शब्द. त्याने उत्तर पाठवलं, "धबधबा."

वाटणीचं बोलणं व्हायला पुढे आणखी सात महिने लागले. तेही लुडो चालू ठेवूनच झालं. समोरासमोर बसून आम्हाला ते जमलंच नसतं. नजर सोंगट्यांवर, हात फाशावर, आणि मधेच एक जण म्हणतो, "मागची खोली तू ठेव, मला नको ती." पुढची खेळी येईपर्यंत दुसऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. मटार सोलताना, पापड लाटताना, बांधावर बसून विडी ओढताना आपली माणसं असंच बोलत आली आहेत. हाताला काम असलं की तोंडाला धीर येतो.

तेव्हा "गेम काढला तर आमच्यात काही उरत नाही" या तुझ्या वाक्याशी माझं भांडण आहे. भजन काढलं तर भजनी मंडळात काय उरतं? महिन्याचे पैसे काढले तर भिशीत? त्या बायका एरवी एकमेकींना कशाला भेटल्या असत्या? तुझ्या बायकोची भिशी असेल तर तिला विचारून बघ, पण हळू आवाजात. खेळ हे भेटायचं निमित्त असतं, आणि निमित्त काढून घेतलं की भल्याभल्यांच्या भेटी थांबतात. २०२० ला तुमचा ग्रुप मेला तो का? सप्टेंबरमध्ये बंदी आली, ऑक्टोबर संपता संपता सर्व्हरही बंद झाले. नाक्यावरचं चहाचं दुकान रस्तारुंदीत गेलं की तिथली रोजची टोळी जशी विस्कटते तसे तुम्ही विस्कटलात. एकमेकांचा कंटाळा कुणालाच आला नव्हता, बसायची जागा गेली होती. जागा आल्यावर तुम्ही परत आलात. मैत्री नसती तर नऊ महिन्यांनी कोण येतं?

आता आकडेच हवे असतील तर कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडलाय. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावा इतका जवळ यायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. हे तास फुरसतीतले. ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर काढलेले तास त्या मानाने फारसे कामी येत नाहीत. शनिवारचे दोन तास धरले तर तुमचे वर्षाला शंभर होतात. कितीही शनिवार वगळलेस तरी २०१८ पासूनची बेरीज २०० च्या खाली येणार नाही, आणि हॉस्टेल मी धरलेलंच नाही.

आणि न सांगण्याबद्दल. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. त्याला स्नायू झिजत जाण्याचा डुशेन नावाचा आजार होता, तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटची कितीतरी वर्षं तो चाकाच्या खुर्चीतून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळत होता. आईवडिलांना वाटायचं, पोरगं एकटं पडलं, मित्र नाहीत, प्रेम नाही. तो गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी लिहिली आणि अनोळखी माणसांच्या ईमेलांची रीघ लागली. तो ज्या टोळीत खेळायचा तिच्यातले लोक. त्याने कुणाचं ऐकून घेतलं होतं, कुणाला आईशी बोलायला लावलं होतं. काही जण दुसऱ्या देशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. आणि तुझ्यासाठी मुद्द्याची गोष्ट ही की, आपण किती आजारी आहोत हे मॅट्सने त्यांच्यापासून बरीच वर्षं लपवून ठेवलं होतं. त्याला तिथं आजारी माणूस म्हणून वावरायचं नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं म्हणून ते मित्र नव्हते, असं त्याच्या बापाला तरी वाटलं नाही.

वयाचं म्हणशील तर तो प्रश्न मी फार वेळ घेणार नाही. पन्नाशीची माणसं लोकलच्या डब्यात ब्रीफकेस मांडीवर ठेवून पत्ते कुटतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. व्यसनाची भीती असेल तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा आजार आहे खरा, पण त्याची खूण नुसते तास नव्हेत. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. तू एका लाजेपायी महिनोन्‌महिने खेळलेला नाहीस, तेव्हा ताबा आहे म्हणायचा. चौघांत कुणी "थोडे पैसे लावू, रंगत येईल" म्हणालं तर मात्र तिथंच थांबवा. पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी आणली आहे, आणि बंदी नसती तरी मी हेच सांगितलं असतं. उधारी शिरली की मित्रांची पावलं वळतात.

बायकोचं जरा सावकाश बघ. "टाइमपास" हा शब्द तिने वापरला तो रागात. तिच्या बाजूने ते दोन तास कसे दिसतात? नवरा कानात बोंडं घालून बसलाय, तिला फक्त अर्धंच ऐकू येतं, "मागे बघ, मागे बघ, अरे मेलो!" इचलकरंजीवाला काय म्हणाला ते तिच्यापर्यंत येतच नाही. आठवड्याची एक मोकळी रात्र, पोरं झोपलेली, आणि ती वेळ चाकण-इचलकरंजी-हैदराबादला वाटलेली. मला वाटतं, तिला बायपासचा धक्का बसला तो मित्राच्या बापापेक्षा जास्त या विचाराने, की एवढा वेळ देऊनही याला माणसाचं काही कळत नसेल तर माझं तरी काय कळत असेल. तिला मैत्रीवर भाषण देऊ नकोस. हेडफोनची गोष्ट सांग. "तो हेडफोन नव्हता, मागे माग नव्हते, आणि आम्हाला कळलं नाही," एवढं म्हण आणि गप्प बस. आणि दर शनिवार मागू नकोस. महिन्यातले दोन माग, उरलेले तिचे.

आता खटखट. त्याला मेसेज नको, फोन कर. ग्रुपवर तर नकोच. तिथं लिहिलंस की बाकीचे दोघं हात जोडलेले इमोजी टाकतील आणि विषय संपेल. फोनवर माफीचा पाढा वाचू नकोस, नाहीतर तुझी समजूत काढायचं काम त्याच्यावर पडेल. सरळ म्हण, "अप्पांचं मला लग्नात कळलं. तुझा आवाज क्लिअर येत होता तेव्हा तू कुठं बसायचास?" घरात वडिलांना जे म्हणत असतील ते म्हण. आणि मग तो जे सांगेल ते ऐक. सांगायचं नसेल तर विषय बदलेल, त्यालाही हरकत नाही.

आणि जाऊन ये. चाकणहून इचलकरंजी साधारण अडीचशे किलोमीटर, रविवारी पहाटे निघालास तर दहा-अकराला शेडवर. वडिलांना फळं ने, पेढे नकोत. त्यांच्याशी पाच-दहा मिनिटं बोल, मग त्याच्याबरोबर मागांच्या मधे जाऊन उभा राहा. इतकी वर्षं कानात घेतलेला आवाज एकदा प्रत्यक्ष ऐक. तिथं बोलणं ऐकू येणार नाही, त्यामुळे काय बोलायचं ही चिंता नको.

खेळ परत लावायचा तर "कधी जमेल?" हे विचारूच नकोस. या प्रश्नाने जितके ग्रुप मारलेत तितके भांडणांनीही मारले नसतील. वार आणि वेळ ठरवून टाक. पहिला आणि तिसरा शनिवार, रात्री साडेनऊ. जर्मनीत तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा असतात आणि थंडीत पाच, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ सरकवतात. त्या दोन आठवड्यांत कुणीतरी तासभर चुकणार, त्याला शिव्या देऊन घ्या. जो येईल तो येईल. तिघं आले तर तिघं, दोघं आले तरी खेळायचं. न आलेल्याला कारण विचारायचं नाही, मात्र दोनदा लागोपाठ आला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करायचा. हा नियम तेवढा लिहून ठेवा. हेडफोनवरून शिकलेला आहे.

कुठला खेळ, हा पेच बीजीएमआयमुळे आहे. ते भारतापुरतं, जर्मनीत पबजी मोबाइल वेगळं, दोघांचे खेळाडू एकमेकांत येत नाहीत. म्हणजे त्यातच राहिलात तर चौथी खुर्ची कायम रँडमची. काउंटर-स्ट्राइकचं नवं रूप २०२३ पासून फुकट आहे आणि डस्ट २ त्यातही आहे. पण शेडवरच्या टॅलीवाल्या कॉम्प्युटरवर ते चालेल असं मला वाटत नाही. भाचा म्हणतो, फोनवर अमंग अस लावा, चार जण कमी पडले तर बायकांना घ्या. मी म्हणते लुडो. हसू नकोस. चार जागा असतात, सतरा वर्षांच्या पोरांसारखी बोटं लागत नाहीत, आणि आपली पाळी नसते तेव्हा बोलायला वेळच वेळ असतो. तुमच्या जुन्या गेममध्ये ही सोय विमानात बसल्यावरच्या मिनिटाला होती, उडी मारायच्या आधी. त्या मिनिटात तुम्ही काय बोलायचात? "पोचिंकी का स्कूल?" म्हणजे उतरायचं कुठं, एवढंच. इथून पुढे तिथं एक प्रश्न घाल. साधा, माहितीचा. पोरीची शाळा सुरू झाली का, सुताचा भाव काय चाललाय, बर्फ पडला का. मन मोकळं कर वगैरे म्हणायला जाऊ नकोस, चौघंही माइक म्यूट करतील. आणि मॅच संपल्यावर लगेच "चल बाय" करून निघू नका. लॉबीत जरा रेंगाळा. माझ्या भावाने मागची खोली सोडली ती डाव संपल्यानंतरच्या रेंगाळण्यात.

एक राहिलं. तुझ्या पत्रात इचलकरंजीवर परिच्छेद आहे, जर्मनीवर दोन ओळी आहेत. हैदराबादच्या मित्राबद्दल, तो आयटीत आहे याच्यापलीकडे, तू तीन शब्द लिहिले आहेत: "हैदराबादवाला मजेत आहे." हे तुला कुणी सांगितलं? त्यानेच सांगितलं असेल, तर खटखटच्या फोननंतर लगेच त्याला लाव.

— तुझी ताई